पाळीच्या सावलीतली चित्रे

१९ जुलै २०२४, शुक्रवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. मुर्रीहून निघालेली ऑटो दवनीवाड्याच्या रस्त्यावर एका फाट्याशी थांबली आणि मी उतरलो. चार दिवस सलग पडलेला पाऊस त्या सकाळी थांबला होता. आकाश मात्र उघडले नव्हते.

फाट्यापासून गाव अर्धा किलोमीटर. गावाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, पूर्वेच्या पायथ्याशी, दोन खोल्यांची एक इमारत होती. तिच्यात जपानी लाकडी ठशांची चित्रे लावलेली होती. सगळी मिळून बेचाळीस. शुक्रवारी ती कोणालाही पाहता येत. इमारत उभी राहून अकरा वर्षे झाली होती. मी एकदाही गेलो नव्हतो.

त्या दिवशी गेलो तो आदल्या संध्याकाळच्या फोनमुळे. फोन संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंचा. त्यांचे यजमान राईस मिलचे मालक आणि माझे स्नेही. दोन वर्षांपूर्वी वारले. बाईंना मी वहिनी म्हणतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, चित्रं घामून राहिली हायेत. खालच्या ओळीतली. छप्पर त गळत नाई. तुमी पान्यातले मानूस, म्हनून इचारलं."

मी चौतीस वर्षे सरकारी सिंचन खात्यात तलावांचा ओव्हरसियर होतो. छप्पर कोरडे असताना भिंत खालून घामेजते, याचा अर्थ मला कोणाला विचारावा लागत नाही. आज त्या इमारतीत झोपू नका, असे मी सांगितले. त्या हसल्या. यजमान गेल्यापासून मी मागच्या खोलीतच झोपते, म्हणाल्या. चित्रांना सोबत लागते.

मी पोहोचलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. हातात घंगाळ आणि पांढरा पंचा. हात धुऊन, पुसून, कोरडे करूनच आत जायचे, हा यजमानांचा नियम. चित्राला कोणी हात लावत नाही, तरी हात धुवायचे. मी धुतले.

"आधी मागची भिंत दाखवा," मी म्हणालो.

"आधी चित्रं. सुरुवातीपासून. ह्यांनी कोनाले मधातून पाहू देलं नाई. कलेक्टर आले होते, त्याईलेही नाई."

दारातून आत पाऊल टाकताच डाव्या हाताला पहिली चौकट होती. ते चित्र नव्हते. खात्याच्या कागदावरचे अर्ध्या पानाचे पत्र होते. खाली सही, पदनाम, गोल शिक्का. मी ते वाचले नाही. वाचण्याची गरज नव्हती. सही माझी होती.

"हा संग्रहालयाचा जन्मदाखला," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी सगळ्यात पयले हाच लावला. म्हनत, हा नसता त बाकीचे लागलेच नसते."

मी पुढे सरकलो.

यजमान तांदूळ निवडण्याचे यंत्र घ्यायला दोनदा जपानला गेले होते. पहिल्या खेपेला यंत्राबरोबर दोन चित्रे आणली. दुसऱ्या खेपेला यंत्र आणलेच नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे मागवीत राहिले. काही जुनी, बरीचशी नंतर पुन्हा छापलेली. कोणते कोणते ते त्यांनी प्रत्येकाखाली खरे लिहिले होते. एका चित्राला दहा-बारा लाकडी ठसे लागतात, रेषेचा एक आणि प्रत्येक रंगाचा वेगळा. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यात एक खाच कोरतात. रंग पाण्यातला. तो एकसारखा पसरावा म्हणून त्यात भाताची खळ मिसळतात. ते स्वतः धानाचे व्यापारी; हे कळले तेव्हा ते माझ्या घरी येऊन दोन तास बोलत बसले होते. रंगात आपला भात असतो, हे वाक्य त्यांनी बहुधा सगळ्या गोंदियाला ऐकवले असावे.

उन्हाने हे रंग उडतात. म्हणून त्यांना ऊन न येणारी जागा हवी होती. पाळीच्या पायथ्याशी दुपारनंतर सावली असते. त्यांनी तीच जागा धरली.

वहिनी एकेका चौकटीशी थांबत होत्या. नावाडी. करवतीने लाकूड कापणारे दोघे. वाळुंजाच्या झाडाखाली उभी असलेली, पायांच्या जागी काहीच नसलेली बाई. मग पावसाचे चित्र. पाऊस म्हणजे सरळ, काळ्या, बारीक रेषा, लाकडात कोरलेल्या. पूल, पुलावर टोप्या सावरत पळणारी माणसे. मी त्या चित्रासमोर थोडा वेळ उभा राहिलो. पाणी पुलाच्या तुळईपासून फार खाली नव्हते. पुलावरचा एकही माणूस नदीकडे पाहत नव्हता.

"हे इथं पाहा," वहिनींनी भिंग माझ्या हातात दिले. "गोल शिक्का हाये बारीक. हा सरकारी तपासनिसाचा. त्याच्या शिक्क्याबिगर चित्र इकताच येत नव्हतं. चित्रकाराचं नाव हाये, छापनाऱ्याचं हाये. याचं नाव कोनाले ठाऊक नाई. शिक्का मात्र रायला."

मी भिंग परत दिले आणि खाली वाकलो.

चौकटी दोन ओळींत होत्या. वरची ओळ कोरडी. खालच्या ओळीत, मागच्या भिंतीकडे जाता जाता, काचेच्या आतून दव धरले होते. शेवटच्या तीन चित्रांत कागद फुगला होता. एकातला नदीचा निळा रंग रेषा ओलांडून काठावरच्या घरात शिरला होता. मी भिंतीला तळवा लावला. जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत थंड होती. त्याच्या वर नव्हती.

मागच्या खोलीत वहिनींची खाट, पाळीकडच्या भिंतीला लागून. खाटेखालच्या दोन फरशांच्या सांध्यातून पाण्याची बारीक रेघ निघून कोपऱ्याकडे गेली होती.

"हे केव्हापासून?"

"परवापासून. मी पुसून घेते."

मी बाहेर पडून इमारतीच्या मागे गेलो. भिंत आणि पाळ यांच्यामध्ये चार हात जागा होती. तरोट्याच्या झुडपांनी भरलेली. छत्रीच्या टोकाने ती बाजूला केली. पाळीच्या पायथ्याशी, खाटेच्या बरोबर मागे, ताटाएवढ्या जागेत पाणी उकळत असल्यासारखे वर येत होते. आवाज नव्हता. मधोमध मातीचा छोटा उंचवटा तयार झाला होता, वारुळ सुरू होताना होतो तसा.

प्रत्येक पाळ झिरपते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर काळजीचे कारण नसते. ते माती घेऊन येत असेल तर पाळ आतून पोकळ होत असते, आणि वरून काही दिसत नाही. डोळ्यांना ते पाणी मला स्वच्छ वाटले. डोळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. वहिनींकडून काचेचा ग्लास मागून घेतला, झऱ्याच्या मधोमध बुडवून भरला आणि आतल्या टेबलावर, भिंगाशेजारी ठेवला. घड्याळ पाहिले. दहा वाजून पस्तीस.

"का पाहून राहिले?"

"पंधरा मिनिटे थांबायचे."

"मंग तवपर्यंत उरलेली दोन चित्रं पाहून घ्या."

मी पाहिली. एकात चंद्र होता. त्यांनी सांगितले की चंद्राला रंग लावलेलाच नाही, तिथे कागद तसाच सोडला आहे. दुसरे चित्र मला आठवत नाही.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी ग्लासच्या तळाशी नखाएवढा थर बसला होता. पिवळा.

मी खुर्ची ओढली आणि वहिनींना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत.

"वहिनी, दारातला तो कागद चुकीचा आहे."

"कसा काय चुकीचा? सही तुमचीच त हाये."

"म्हणूनच सांगतो. पाळीच्या पायथ्याशी दगडांनी भरलेली एक चर होती. झिरपलेले पाणी तिच्यातून वाहून जायचे. तुमच्या यजमानांना जागा सपाट हवी होती. त्यांनी विचारले, चर बुजवली तर चालेल का. मी मे महिन्यात पाहणी केली. तलाव कोरडा होता, चरीत पळसाची पाने होती. चर निरुपयोगी दिसते, हरकत नाही, असे मी लिहिले. पाहणी तलाव भरल्यावर करायची असते. हा नियम मी स्वतः दुसऱ्यांना शिकवत असे. त्यांना पाऊस लागण्याआधी पाया घालायचा होता. मी थांबलो नाही."

त्यांनी दारातल्या चौकटीकडे पाहिले.

"अकरा वर्सं तुमी आले नाई, ते याच्यासाठी का?"

"होय."

"मी समजत होती का तुमाले चित्रं आवडत नाईत."

"चित्रे काढायला हवीत. आत्ता. आणि तुमची खाट."

"चित्रं नाई निघत." त्यांचा आवाज प्रथमच चढला. "क्रम ह्यांनी लावला. सहा महिने लावत होते. आजारी होते तवाही खुर्चीवर बसून सांगत, हे इकडं, ते तिकडं. एकदा काढलं त मले तसं लावता येनार नाई. पान्याचं तुमी पाहा. चित्राईचं मी पाहते."

मी वाद घातला नाही. खिशातून पेन्सिल काढली, दाराजवळचे पहिले चित्र खिळ्यावरून उतरवले, पालथे धरले आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले: पहिली खोली, दक्षिण भिंत, वरची ओळ, एक. मग तोच आकडा रिकाम्या खिळ्याखाली भिंतीवर लिहिला. पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी आकडा पाहिला. मग पुढचे चित्र उतरवले.

मी खात्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतले, मग माझे पद विचारले. निवृत्त म्हटल्यावर त्याचा आवाज सैल झाला. "काका, आज सगळीकडूनच फोन येत आहेत. उद्या माणूस पाठवतो." मी म्हणालो, उद्या पाठवायचा असेल तर फुटलेली पाळ मोजायला पाठवा. फोन ठेवला आणि ग्लास घेऊन पाळीवर चढलो.

वर गेल्यावर खरे कारण दिसले. तलाव सांडव्याच्या उंबऱ्याच्या हातभर वर होता. तो इतका वर जाण्याचे कारण नव्हते. सांडवा रुंद आहे. पण त्याच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूची जाळी बांधली होती. पुरात मासे निसटू नयेत म्हणून इकडे ती बांधतात. तिच्यावर जलपर्णी, प्लास्टिक, एक मेलेले वासरू, असे सगळे येऊन बसले होते. पाणी फटींतून गाळल्यासारखे पडत होते.

मासेमारी संस्थेचा अध्यक्ष सांडव्याच्या भिंतीवर छत्री घेऊन बसला होता. पन्नाशीचा माणूस. नोकरीत असताना मी त्याला जाळीवरून दोनदा नोटीस काढली होती, आणि ते तो विसरला नव्हता.

"या सायब. पेन्शनात भी नोटीस आनली का?"

"जाळी काढा."

"कायले काढू? बीज टाकून महिना नाई झाला. जाळी काढली त मासोळी पार नागरा गावच्या बांध्याईत जाईन. तुमी भरून देनार का?"

"पाळ फुटली तर तलावच धानाच्या बांध्यांत जाईल."

"पाळ कायले फुटते? माह्या आज्याच्या बापाच्या आधीपासून हाये. तुमचं खातंच कालचं हाये, सायब." बाजूच्या दोघांनी हसून घेतले.

मी ग्लास त्याच्यासमोर धरला. चढताना तो हलला होता, तरी थर पुन्हा बसला होता. त्याने तो माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, वास घेतला. मग पाणी ओतून दिले आणि तळाची माती दोन बोटांत चोळली. हसू गेले.

"हे कुठचं हाये?"

"संग्रहालयाच्या मागचे. जमिनीतून वर येत आहे."

"तलावाचा गाळ काळा असते," तो हळू म्हणाला, जणू मला शिकवत होता. "हे पिवळी हाये. हे पाळीच्या पोटातली हाये." त्याने बोटे लुंगीला पुसली आणि बाजूच्यांवर ओरडला, "अबे, पाहून का राहिले? कोयता आना. बाई झोपते तिथं खाली!"

जाळी तोडायला अर्धा तास लागला. तोडल्यावर पाणी एकदम सुटले, आणि त्याच्याबरोबर मासेही. बोटाएवढे, चंदेरी. अध्यक्ष सांडव्यावर उभा राहून ते जाताना पाहत होता. शिव्या कोणाला दिल्या ते त्याने सांगितले नाही. मग स्वतःच तुडूम उघडायला गेला. तुडूम म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळीतली मोरी. तिची जुनी लाकडी खुंटी फुगून घट्ट बसली होती. तिघांनी मिळून ती वर खेचली.

खाली मिलमधून बारदान्याच्या गोण्या आणल्या. रेती भरून त्या झऱ्याभोवती गोल रचल्या आणि आत आधी रेती, मग गिट्टी टाकली. हेतू झरा बंद करण्याचा नव्हता. बंद केला तर पाणी दुसरीकडून निघते. त्याला वाट द्यायची, पण माती नेऊ द्यायची नाही. चरीचे काम तेच होते.

वहिनी आणि मिलमधल्या दोन बाया चौकटी बाहेर आणत होत्या. प्रत्येक चौकट साडीत गुंडाळलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाचे तणस पसरून ती त्यावर उभी ठेवत होत्या. मधून वहिनींचा आवाज येई: "दुसरी खोली, पश्चिम भिंत, खालची, सहा. लिवलं का?" दुपारी कोणी जेवले नाही. अडीच वाजता ट्रॉली मिलच्या वरच्या कार्यालयाकडे गेली. खाट शेवटी गेली.

चार वाजून वीस मिनिटांनी मी मागच्या खोलीच्या दारात उभा होतो. आधी एक फरशी हलली. मग तिच्या शेजारच्या दोन वर उचलल्या गेल्या, कोणी खालून खांदा दिल्यासारख्या, आणि पिवळे पाणी आत आले. फार जोरात नाही. घोट्याइतके होऊन ते समोरच्या खोलीकडे वळले. मागची भिंत वीतभर खाली बसली आणि छपरापासून सुटली. मी बाहेर आलो. खाटेच्या चार पायांचे ठसे ज्या फरशांवर होते, त्याच उचलल्या गेल्या होत्या.

वहिनींनी अंगणातून ते पाहिले. त्या रडल्या नाहीत. "काल म्या इथंच झोपली होती," एवढेच त्या म्हणाल्या.

भिंत बसल्याचे मी फोनवर कळवले, आणि पाच वाजता खात्याची गाडी गोण्या घेऊन आली. फोनवरचा तरुण अधिकारीही होता. त्याने खोलीत डोकावून पाहिले आणि त्यानंतर मला काका म्हटले नाही. त्याची माणसे गोण्यांची दुसरी रांग रचू लागली. सहा वाजता तलाव सांडव्याच्या उंबऱ्याशी आला होता. मी पुन्हा ग्लास भरला. पंधरा मिनिटांनी तळाशी थर होता; सकाळच्या मानाने पातळ, पण होता. अधिकाऱ्याला दाखवला आणि दर तासाला असाच ग्लास भरून ठेवायला सांगितले. पाळीखालच्या चार घरांना त्याने शाळेत हलवले. पाळ त्या वेळी उभी होती. त्यापुढे काही सांगता येत नव्हते. ढग पुन्हा उतरत होते.

निघताना दारातली पहिली चौकट अजून खिळ्यावरच होती. बेचाळीस चित्रे गेली होती, ती एकच राहिली होती. उंबऱ्यापर्यंत पाणी आले होते. वहिनींनी ती उतरवली आणि पदराने पुसली.

"ही मी नेत नाई," त्या म्हणाल्या. "ह्यांचा जीव होता याच्यावर, म्हनून पान्यात भी टाकत नाई. तुमची हाये. तुमी न्या."

मी घेतली.

"आन भाऊजी, नवी जागा धरू तवा पाहनी कराले या. पान्यापावसात या."

येईन म्हणालो.

मुर्रीला पोहोचलो तेव्हा सव्वासात वाजले होते. हातपाय धुतले. चौकटीमागचे खिळे पक्कडीने काढून पत्र बाहेर घेतले. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: सदर पाहणी तलाव कोरडा असताना केली होती. चर निरुपयोगी नव्हती. अभिप्राय चुकीचा आहे, जबाबदारी माझी. आज सायंकाळी सहा वाजता झऱ्याच्या पाण्यात पिवळी माती होती. खाली सही, तारीख, वेळ. शिक्का आता माझ्याकडे नाही. पत्र पाकिटात घातले, खात्याचा पत्ता लिहिला आणि पाकीट डिंकाने चिकटवले. मग चौकटीची काच पुसून कपाटामागे उभी केली, आणि ओल्या वहाणा भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या.